२५ अंगणवाड्या, १३ दिवस : एका मुख्यसेविकेच्या घडणीचे प्रकरण

अंगणवाडीतल्या सहा सेवांपैकी पूरक आहार आणि शालापूर्व शिक्षण या दोन सेवा रोजच्या. आहाराचा हिशेब लागतो, तांदूळ किती उतरला आणि ताटे किती वाढली हे वहीत दिसते. शिक्षणाचा असा हिशेब नसतो, म्हणून कामाचा ताण वाढला की सगळ्यात आधी तेच सुटते. २०२३ मध्ये केंद्राने ‘पोषण भी, पढाई भी’ सुरू करून रोज किमान दोन तासांच्या शालापूर्व शिक्षणावर भर दिला आणि २०२४ मध्ये तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आला. महाराष्ट्राचा स्वतःचा शालापूर्व अभ्यासक्रम ‘आकार’ त्याच्याही आधीपासून आहे. सेविकांना खेळ, गोष्टी, साहित्य यांची प्रशिक्षणे मिळतात. पण हे दोन तास खरोखर होतात की नाही, हे ज्या मुख्यसेविकेच्या, म्हणजे अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेच्या, हातात आहे तिला माणसे आणि वेळ हाताळायला कोणी फारसे शिकवत नाही. ती सेविका म्हणून उत्तम असते, परीक्षा देऊन पदोन्नती घेते आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हाती २५ अंगणवाड्यांची यादी पडते.

पुढचे प्रकरण प्रशिक्षणवर्गात चर्चेसाठी रचलेले आहे. त्यातला बीट (एका मुख्यसेविकेकडच्या अंगणवाड्यांचा गट), माणसे आणि आकडे नमुन्याचे आहेत, अडचणी मात्र कोणत्याही बालविकास प्रकल्पात रोज भेटणाऱ्या.

परिस्थिती

सह्याद्रीच्या कुशीतला ग्रामीण प्रकल्प. बीटमध्ये ११ गावे आणि त्यांच्या वाड्या मिळून २५ अंगणवाड्या, त्यांतल्या तीन पूर्वी मिनी, म्हणजे छोट्या वस्तीसाठीच्या, होत्या. तीन ते सहा वयाची ५६० मुले पटावर. मुख्यसेविका १४ वर्षे याच तालुक्यात सेविका होती. कालपर्यंत तिला ‘ताई’ म्हणणाऱ्या बायका आज ‘मॅडम’ म्हणतात, आणि ते दोन्ही बाजूंना जड जाते.

पहिल्या तीन महिन्यांत प्रकल्प अधिकाऱ्यांच्या लक्षात आलेल्या गोष्टी अशा. मासिक अहवाल वेळेवर, पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपवर हजेरी ८० टक्क्यांच्या वर, भेटींची संख्या पूर्ण. पण अधिकारी स्वतः सकाळी अकराला चार केंद्रांत गेले तेव्हा २०-२२ च्या पटावर प्रत्यक्ष मुले ९ ते १२ होती. चारांपैकी तीन ठिकाणी खेळाचे साहित्य कपाटात कुलूपबंद होते. चौथ्या ठिकाणी मुले ओळीत बसून मुळाक्षरे गिरवत होती आणि सेविका मोबाईलवर माहिती भरत होती.

अशा वेळी नेहमीचा मार्ग म्हणजे मुख्यसेविकेला खुलासा मागणे. मग तिने सेविकांना मागायचा. या साखळीतून एकच गोष्ट सुधारते, ती म्हणजे कागद. या प्रकल्प अधिकाऱ्यांनी खुलासा मागितला नाही. सहा महिने तिच्यासोबत महिन्यातून दोनदा तासभर बसायचे ठरवले आणि पहिल्या बैठकीला फक्त एक काम दिले : १२ दिवस, दर अर्ध्या तासाला, आपण काय करत होतो ते वहीत लिहायचे.

वेळेची वही

१२ दिवसांचे ७८ तास भरले. अहवाल, फोन आणि व्हॉट्सअॅपवर मागितलेली माहिती यांत २७ तास, सभा १४, प्रवास १५, इतर विभागांची कामे ६ आणि अंगणवाडीतल्या भेटी १६. या १६ तासांतही मुले समोर असताना त्यांच्याकडे पाहण्यात साडेतीन तास. उरलेले साडेबारा रजिस्टरे, साठा, सह्या आणि सरपंचांशी बोलणे.

हा आकडा तिला कोणी सांगितला असता तर तिने मानला नसता. स्वतःच्या अक्षरात वाचल्यावर वाद उरला नाही. वेळेची नोंद दुसऱ्याकडून करवून घेतली किंवा तिचा वापर कारवाईसाठी केला तर ती दोन दिवसांत खोटी होते. म्हणून ही वही प्रकल्प कार्यालयात जमा करायची नाही, हे आधीच ठरले होते.

मग महिन्याचे गणित मांडले. कामाचे दिवस २५. त्यांतून प्रकल्पाची मासिक सभा १, बीटची सभा १, अहवाल २, आरोग्य-पोषण दिन ३, घरपोच आहाराची खातरजमा २, प्रशिक्षण १, ग्रामसभा आणि अचानक येणारी कामे २ असे १२ गेले. उरले १३. या १३ दिवसांतही मुले अंगणवाडीत असण्याची वेळ साधारण दहा ते साडेबारा. म्हणजे मुख्यसेविकेकडे शालापूर्व शिक्षणासाठी महिन्याला जेमतेम ३२ तास आहेत, आणि हेच तिचे खरे भांडवल आहे. ते कुठे घालायचे, हा निर्णय म्हणजे तिचे व्यवस्थापन. नेतृत्वावरची व्याख्याने याच्या नंतर.

सगळ्यांना सारखे द्यायचे नाही

आधीची पद्धत होती दिवसाला दोन-तीन केंद्रे, प्रत्येकी ४० मिनिटे. त्यात सगळ्यांना न्याय मिळाल्यासारखे वाटते आणि कोणाच्याच शिकवण्यात फरक पडत नाही. नवी मांडणी अशी : भेटीच्या दिवशी दहा ते बारा एकच लांब भेट, आणि एक ते पावणेदोन जवळच्या, चार किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या केंद्राला छोटी भेट. १३ लांब, १३ छोट्या.

चार केंद्रे सर्वात अडचणीतली निवडली. त्यांना महिन्यात दोन-दोन लांब भेटी, म्हणजे ८. उरलेल्या ५ लांब भेटी इतर २१ केंद्रांत पाळीपाळीने. छोट्या भेटी आणखी १३ केंद्रांना. अशी २२ केंद्रे झाली, आणि राहिलेल्या तिघांच्या गावी त्या महिन्याचा आरोग्य-पोषण दिन धरला. कागदावर पंचवीसही बसली. दर महिन्याला प्रत्येक केंद्र पाहिलेच पाहिजे, या कार्यालयाच्या अपेक्षेशी भांडावे लागले नाही.

निवडीचा निकष काय, यावर वेळ गेला. मुख्यसेविकेची पहिली यादी ‘उद्धट’ सेविकांची होती. ट्रॅकरवरचे कमी आकडे घेतले तर प्रामाणिकपणे भरणारीच सापडते. शेवटी तीन गोष्टी धरल्या : अकरा वाजता डोकी मोजून आलेली हजेरी, साहित्य मुलांच्या हाताला लागते का, आणि सेविका एकटी आहे का. मदतनिसाचे पद रिकामे असलेले केंद्र आपोआप वर आले.

बसून पाहणे

सेविकेतून मुख्यसेविका झालेल्या बाईची एक खोड हमखास असते आणि तिच्या चांगुलपणातूनच ती येते. वर्ग रेंगाळलेला दिसला की ती स्वतः उठते, गाणे घेते, मुलांना नाचवते. मुले खूश, सेविका खूश, कारण तेवढ्यात तिची रजिस्टरे पूर्ण होतात. मॅडम गेल्या की वर्ग होता तिथे. इथेही पहिल्या दोन लांब भेटींत हेच झाले. उपाय साधा होता. पहिली ४० मिनिटे सतरंजीच्या कडेला बसायचे, हातात फक्त अर्ध्या पानाचा कागद, आणि उठायचे नाही. मूल अंगावर आले तर त्याच्याशी बोलायचे, वर्ग हाती घ्यायचा नाही.

जुना तपासणी तक्ता चार पानांचा होता. त्यात पाण्याच्या टाकीपासून वजनकाट्यापर्यंत सगळे, शिक्षणाला तीन ओळी. तो छोट्या भेटीसाठी ठेवला. लांब भेटीच्या अर्ध्या पानावर एवढेच : अकरा वाजता मुले किती आणि कोणत्या वयाची, मुले आल्यापासून पहिली कृती किती मिनिटांनी सुरू झाली, साहित्य किती मुलांच्या हातात होते, कोणत्याही दहा मिनिटांत किती मुले स्वतःहून पूर्ण वाक्य बोलली, सेविकेने ‘हो-नाही’पलीकडे उत्तर लागेल असे किती प्रश्न विचारले, आणि आज ठरलेली एक गोष्ट.

‘पूर्ण वाक्य’ मोजायला लागल्यावर बरेच उघडे पडले. गाणी जोरात चालू असलेल्या एका केंद्रात दहा मिनिटांत एकही मूल स्वतःचे वाक्य बोलले नाही. शांत वाटणाऱ्या दुसऱ्या केंद्रात भाजीच्या टोपलीभोवती सात मुले बोलली. ‘मॅडम आल्या की गाणी सुरू’ हा देखावा या मोजणीपुढे टिकत नाही.

भेटीनंतरचे बोलणे मुले जेवून गेल्यावर, १५ मिनिटे, सतरंजीवरच. क्रम ठरलेला होता. आधी विचारायचे, ‘ताई, आज मुलांमध्ये तुम्हाला काय दिसलं?’ मग पाहिलेल्या दोन गोष्टी नेमकेपणाने सांगायच्या : ‘पाणी ओतायच्या खेळात तो गप्प मुलगा स्वतः बोलला, तुम्ही त्याला घाई केली नाहीत.’ आणि शेवटी बदलायची एकच गोष्ट, तारखेसह, सेविकेच्या तोंडून. ‘साहित्य सकाळी कपाटाबाहेर, खालच्या फळीवर, सोमवारपासून.’ बस.

इथे चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. ‘छान चाललंय, पण…’ म्हटले की ऐकणारीला ‘पण’च्या पुढचेच ऐकू येते. एका दमात पाच सूचना दिल्या तर एकही होत नाही. मदतनीस, पालक किंवा सरपंचांसमोर बोलले तर पुढच्या भेटीला मन बंद असते. बीटच्या ग्रुपवर फोटो टाकून ‘यांच्याकडून शिका’ लिहिणे सर्वात वाईट, कारण ती एक बाई एकटी पडते आणि बाकीच्या चोवीस दुखावतात. कौतुकसुद्धा आधी समोरासमोर.

खोट्या हजेरीचे काय करायचे

सर्वात नाजूक प्रश्न हा होता. पटावर २२, ट्रॅकरवर १८, सतरंजीवर ११. मुख्यसेविकेला हे ठाऊक होते, सेविका असताना तिनेही हेच सोसले होते. आकडा खाली आला की वरून विचारणा येते, म्हणून आकडा खाली येत नाही. नोटिसा काढल्या तर तो अधिक कसबाने वर ठेवला जातो.

अधिकाऱ्यांनी दोन महिन्यांची मुदत दिली : खरी हजेरी भरा, घसरली म्हणून कोणालाही विचारणा होणार नाही, ते लेखी त्यांनी स्वतःच्या सहीने दिले. मुदतीनंतर मात्र मोजलेली आणि भरलेली हजेरी यांत तीनपेक्षा जास्त फरक दिसला तर बोलावणे. हे लेखी पत्र नसते तर मुख्यसेविकेचा शब्द कोणी मानला नसता. अधिकार वरून उसना मिळाल्याशिवाय मधल्या फळीला असे वचन देता येत नाही.

बीटची सरासरी हजेरी पहिल्याच महिन्यात ८१ वरून ५७ टक्क्यांवर आली आणि जिल्ह्याच्या आढाव्यात बीट तळाला गेला. अधिकाऱ्यांना तिथे उभे राहून कारण सांगावे लागले. खरा आकडा हातात आल्यावर त्याचे वयानुसार तुकडे करता आले : तीन वर्षांची मुले बऱ्यापैकी येत होती, चारनंतर गळती, पाचनंतर निम्मी गायब. ती खाजगी ‘केजी’च्या गाडीने तालुक्याला जात होती. आळशी सेविका हे कारण त्यात बसेना.

सभा आणि पाचांचे गट

बीटची मासिक सभा पाच तास चाले, त्यांतले चार आकडे वाचण्यात. आकडे दोन दिवस आधी एका पानावर मागवले. सभा अकरा ते अडीच. पहिली २० मिनिटे हिशेब; मग तासभर दोन सेविका एक कृती प्रत्यक्ष करून दाखवतात आणि बाकीच्या मुले होऊन बसतात; त्यानंतर पाच-पाच जणींच्या गटात महिन्याचे साहित्य बनवणे, जेवण, अडचणी आणि शेवटी पुढच्या महिन्याचे ठरवणे. कृती दाखवणाऱ्या दोघी प्रत्येक वेळी वेगळ्या, आणि त्यांतली एक नेहमी न बोलणाऱ्यांपैकी. ती निवड मुख्यसेविकेने आठवडाभर आधी खाजगीत विचारून करायची.

पाचांच्या गटांनी तिसऱ्या महिन्यात घोटाळा केला. प्रत्येक गटाला एक प्रमुख सेविका नेमली होती. कार्यालयाने घाईची माहिती प्रमुखांमार्फत मागवायला सुरुवात केली, आणि बघता बघता त्या पाचजणी बिनपगारी मुख्यसेविका झाल्या. सेविकांच्या संघटनेने आक्षेप घेतला, तो रास्त होता. दुरुस्ती अशी केली की प्रमुखपद दर दोन महिन्यांनी फिरेल आणि गटामार्फत कोणतीही माहिती गोळा केली जाणार नाही, गट फक्त साहित्य आणि कृतींसाठी. काम वाटून देताना ते मानधनात, वेळेत आणि अधिकारात बसते का हे पाहिले नाही तर ओझे फक्त खालच्या खांद्यावर सरकते.

याच सुमारास मुख्यसेविका वरिष्ठांशी बोलायला शिकली. एकच माहिती तीन वेगवेगळ्या तक्त्यांत मागितल्याची महिनाभराची यादी तिने अधिकाऱ्यांपुढे ठेवली. १९ मागण्यांपैकी ११ माहिती आधीच कार्यालयात होती. ठरले असे की बीटकडून माहिती मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चारपर्यंत, दहा ते साडेबारा फोन नाही, कुपोषित बालक वा अपघात सोडून. पहिल्या दोन आठवड्यांत ते तीनदा मोडले आणि तिन्ही वेळा कार्यालयाकडून.

कातकरी वाडी

चार केंद्रांपैकी एक कातकरी वाडीत. पट १९, सतरंजीवर ५. मदतनीस नाही. सेविका तीन किलोमीटरवरच्या मूळ गावात राहणारी, पोचायला अकरा. मुख्यसेविकेने कारणे दाखवा नोटिसीचा मसुदा तयार ठेवला होता. अधिकाऱ्यांनी तो थांबवून एक सकाळ वाडीवर आठपासून बसायला सांगितले.

त्या सकाळी दिसले ते असे. वाडीत रेंज नाही, म्हणून सेविका आधी गावातच थांबून आदल्या दिवशीची माहिती चढवते आणि मग निघते. आयाबाया साडेआठला कामावर जातात, मोठी भावंडे लहानांना घेऊन ओढ्याकडे. अकराला अंगणवाडी उघडते तेव्हा वाडीत मूलच नसते. जी पाच येतात ती घरात एक बोली बोलतात आणि इथे दुसरी ऐकतात, म्हणून गप्प.

बदल तीन. माहिती चढवायची वेळ परतताना, दुपारी. पहिला पाऊण तास अंगणवाडीच्या खोलीऐवजी वाडीतल्या मधल्या अंगणात, साडेनऊपासून. बालशिक्षणाच्या प्रणेत्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला १९४५ पासून ग्राम बाल शिक्षा केंद्राच्या कामात हेच केले होते. मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी जन्मली तिथे. तिसरा, वाडीतली एक आजी आठवड्यातून दोन दिवस तिच्या बोलीत गोष्ट सांगायला. तिला मानधन देण्याची सोय योजनेत सापडली नाही. ग्रामपंचायतीकडे अर्ज केला, तो प्रकरण संपेपर्यंत मंजूर नव्हता, आणि फुकट राबवणे योग्य नाही म्हणून दोनाचा एक दिवस केला.

चार महिन्यांत सतरंजीवरची मुले ५ वरून १३ झाली. दिवाळीनंतर ४. कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेली होती. इथे मुख्यसेविकेने जे केले ते सहा महिन्यांपूर्वी तिला सुचले नसते. जाण्याच्या आठवडाभर आधी सेविकेकडून कोण कोणत्या भट्टीवर चालले आहे ते नावांसह घेतले, त्या भागातल्या मुख्यसेविकेला स्वतः फोन केला आणि मुलांची यादी, वजनाच्या नोंदींसह, पाठवली. नऊपैकी सहा मुले तिकडच्या अंगणवाडीत जाऊ लागली. उरलेल्या तिघांच्या भट्ट्या अंगणवाडीपासून दूर होत्या, तिथे काही झाले नाही.

सहा महिन्यांनंतर

लांब भेटी महिन्याला दोनवरून सरासरी ११ वर आल्या, जुलैत मात्र पावसाने सातच झाल्या. २५ पैकी १७ केंद्रांत साहित्य रोज मुलांच्या हाती येते. पूर्ण वाक्ये बोलणारी मुले बहुतेक ठिकाणी वाढली. पण दोन केंद्रांत काहीच हलले नाही : एकीत सेविका निवृत्तीला आली आहे, दुसरीत सेविका आणि मदतनीस एकमेकींशी बोलत नाहीत, आणि तो वाद मुख्यसेविकेने चार महिने टाळला. पाच वर्षांची मुले खाजगी केजीकडे जाणे थांबलेले नाही. ज्या तीन गावांत पालकांना महिन्यातून एकदा वर्गात बसवून काय चालते ते दाखवले तिथे सात मुले परत आली, एवढेच.

सातव्या महिन्यात शेजारच्या बीटची मुख्यसेविका बदलून गेली आणि तिचा अतिरिक्त कार्यभार हिच्याकडे आला. केंद्रे २५ ची ४८ झाली, भेटीचे दिवस १३ चे १०. तिने अधिकाऱ्यांपुढे एक पान ठेवले. दहाही लांब भेटी वाटून दिल्या होत्या : जुन्या बीटमधल्या चार अडचणीच्या केंद्रांना एकेक, उरलेल्या सहा नव्या बीटमध्ये. छोट्या भेटीही दहाच. पुढच्या ओळीत लिहिले होते की ४८ केंद्रांच्या मासिक भेटी या काळात होणार नाहीत, न झालेल्या भेटी अहवालात ‘झाल्या’ म्हणून दाखवल्या जाणार नाहीत, आणि खाली अधिकाऱ्यांच्या सहीसाठी जागा सोडली होती. त्यांनी सही केली. गटचर्चेसाठी प्रश्न तिथूनच सुरू होतो : तुम्ही अधिकारी असता तर केली असती का, आणि जिल्ह्याच्या आढाव्यात त्या पानाचे काय केले असते?